मिनिटच्या बाबांचा रेकॉर्डर

१

"आधी हात लावू नकोस. आधी नुसतं बघ. वस्तू स्वतःच सांगते तिला काय होतंय ते."

हा आवाज ज्या माणसाचा, त्याला मी कधी पाहिलं नाही. तो जाऊन आठ महिने झाले होते, आणि माझी त्याची ओळख झाली तीही तो गेल्यावरच.

माझं काम घरबसल्याचं. लोक फोनवर व्हिडिओ बघतात तेव्हा खाली जी अक्षरं सरकतात, ती मी टाइप करते. दोन खोल्या, एक टेबल, कानावर हेडफोन. दिवसभर दार कोणी वाजवलं नाही तरी कानात माणसं बोलत असतात.

त्यात रोजची म्हणजे मिनिट. खरं नाव वेगळं, पण आठ लाख लोक तिला मिनिटच म्हणायचे. सोळाव्या वर्षी तिने गळक्या नळाचा वायसर बदलताना पहिला व्हिडिओ टाकला होता. सुरुवात अशी: "एक मिनिट आहे का तुमच्याकडे?" वडील नळदुरुस्तीपासून सुतारकामापर्यंत सगळं करणारे कारागीर. कामाची अक्कल त्यांची, बोलणं हिचं. सहा वर्षांत एक दिवसही खाडा नाही. रोज सकाळी एक मिनिट, एक दुरुस्ती.

मग वडील आजारी पडले. हातात पकड धरवेना, तेव्हा त्यांनी शेवटच्या वर्षभरात एका छोट्या रेकॉर्डरमध्ये धडे बोलून ठेवले. ते गेल्यावर मिनिट रोज त्यातला एक धडा डाव्या कानात लावायची आणि तसं तसं करून दाखवायची. "बाबांचा धडा," असं ती म्हणायची. किती धडे आहेत असं कोणी विचारलं तर सांगायची, "माझा जन्म पुरेल एवढे." त्या रेकॉर्डरची नक्कल तिने कोणालाही करू दिली नाही.

माझ्याकडे यायचं ते न कापलेलं, पंधरा-वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग. त्यात तिच्या इअरफोनमधून तो आवाज झिरपल्यासारखा ऐकू यायचा. आधी नुसतं बघ. मग ती हळूच म्हणायची, "हं." पुन्हा आवाज, पुन्हा "हं." ते हुंकार नंतर कापले जायचे. आठ लाखांपैकी कोणाला ते माहीत नव्हते. मला होते, आणि ते कापणाऱ्याला.

सकाळी नऊपर्यंत मी बोलत नाही, फोनही बघत नाही. अनेक वर्षांचा नेम आहे. त्या दिवशी नऊला फोन उचलला तर त्यावर कात्रीचे अकरा निरोप होते. शेवटचा असा: "मावशी, बाबांचा रेकॉर्डर चोरीला गेला. सगळे म्हणतात मीच नेला."

२

कात्री म्हणजे मिनिटचे व्हिडिओ कापून जोडणारा. तोही मला कधी भेटलेला नव्हता. दोन वर्षं रोज फक्त निरोप. मी फोन लावला.

"मावशी, तुमचं मौन सुटलं का? इथे माझं आयुष्य सुटायची वेळ आलीय."

"नीट सांग."

त्याने सांगितलं. एक अवजारांची कंपनी मिनिटशी करार करणार होती. त्याच संध्याकाळी पाच वाजता त्यांची माणसं रेकॉर्डर ऐकायला घरी येणार होती. आदल्या दिवशी संध्याकाळी कात्री कामाच्या खोलीत दहा मिनिटं एकटा होता. सकाळी मिनिटने खण उघडला तर रेकॉर्डर नाही. गेल्याच आठवड्यात कात्री म्हणाला होता, ताई, एक नक्कल करून ठेवू या, यंत्राचा काय भरवसा.

"आणि तिचा आतेभाऊ म्हणतो, पाचपर्यंत दे, नाहीतर पोलिसात तुझं नाव देतो. मावशी, एकदा नाव गेलं की मला कोण काम देणार? लोक मला स्वतःच्या घरात बसवून त्यांचं सगळं हाती देतात. चोराला कोण बसवेल?"

"तू घेतलास का?"

"नाही."

"मिनिट काय म्हणते?"

"काहीच म्हणत नाही. मी घेतला असंही नाही आणि नाही घेतला असंही नाही. तेच लागलंय, मावशी."

मी त्याला घरीच थांबायला सांगितलं आणि त्याचा पत्ता, तिचा पत्ता, दोन्ही लिहून घेतले.

"तुम्ही जाणार? तुम्ही तर घराबाहेर पडत नाही."

"पायऱ्या उतरता येतात मला," मी म्हटलं.

फोन ठेवता ठेवता तो उसनं हसला. "आणि वाईट कशाचं वाटतं सांगू? आता कुठे काम हलकं झालं होतं. गेला दीड महिना कापायला काही राहतच नाही. ताई एकदम सरळ बोलते. हुंकार नाहीत, अडखळणं नाही."

मी चपला घातल्या आणि पुन्हा काढल्या. आधी कपाटातली वही काढली. प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये कोणत्या सेकंदाला शब्द आणि कुठे रिकामी जागा, हे मी रोज लिहून ठेवते. रिकामी जागा म्हणजे बाबांचं ऐकून ती 'हं' म्हणायची ती; तिच्यापुढे छोटी फुली. पानं मागे मागे उलटत गेले. फुल्या एका तारखेला थांबल्या होत्या. त्यानंतर त्रेचाळीस दिवस एकही नाही.

३

मिनिटचं घर तिसऱ्या मजल्यावर. वही चाळून तिथे पोहोचेपर्यंत दुपार झाली होती. दार आतेभावाने उघडलं. इस्त्रीचा शर्ट, दोन फोन, डोळ्यांत झोप नाही.

"काकू, तुम्ही टायपिंग करता ना? मग आज गुप्तहेर कशा झालात?"

"टायपिंगच करायला आले. कोण काय म्हणतं ते नीट उतरवून घेईन."

त्याला हसू आलं, पण वाट दिली. मी त्याला विचारलं, रेकॉर्डर गेल्याने नुकसान कोणाचं.

"माझंच. चार महिने त्या लोकांच्या मागे फिरतोय. मामाचा आवाज ऐकला की ते सही करणार. आज यंत्र नसलं तर मी तोंड काय दाखवू?"

"तुम्ही नक्कल केली नव्हती?"

"तिने करू दिली तर ना. केबल आणली, माणूस आणला, ढिम्म नाही. खणाला कुलूप, किल्ली गळ्यात. म्हणते, बाबा एकच होते, रेकॉर्डर एकच राहील. आता घ्या."

"किल्ली गळ्यात, तर खण उघडा कसा राहिला?"

"तेवढी दहा मिनिटं, म्हणते. हात धुवायला गेली तेव्हा. आणि तेवढ्यात आमचे कात्रीसाहेब आत." तो आवाज खाली आणून म्हणाला, "काकू, पोरगा वाईट नाही हो. पण दुसरं कोण? मामी?"

म्हणायला तो असं म्हणाला, पण त्याची नजर स्वयंपाकघराकडे गेली. तिथे भांडं आपटल्याचा आवाज झाला.

४

मिनिटची आई ओट्याशी पाठ करून उभी होती. चहाचं आधण उकळून निम्मं झालं होतं.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "माझ्यावरच येणार. एकदा मी म्हणालेच होते, फेकून देईन ते यंत्र. बसा ताई."

"का म्हणालात?"

"माझा नवरा रोज सकाळी माझ्या घरात बोलतो आणि मला ऐकू येत नाही. लेक दार लावून घेते. मी बाहेर भाजी चिरत बसते." तिने दोन कप भरले. "आठ लाख लोकांना त्यांची आठवण वाटून देते. मला म्हणते, आई, तुला रडू येईल. अगं, येऊ दे की. रडायला घरात दुसरं काम काय आहे मला?"

मी कप जवळ ओढला. अशा वेळी पुढचं वाक्य आपलं नसतं.

"पण फेकेन कशी? सेल मीच आणून द्यायचे त्याला. बारा सेलचा डबा, दर दीड महिन्याला. दोन सेल घातले की आठवडा निघायचा. या खेपेला मीच विचारलं, बाई गं, सेल संपले नाहीत का अजून? तर म्हणाली, आहेत." ती कपाकडे बघत होती. "डबा आणि जेवणाला हाका, एवढंच काय ते आमचं बोलणं."

"मागचा डबा कधी आणला, आठवतं?"

"तारीख असेल त्यावर. आमच्याकडे काहीही उघडलं की पेन्सिलीने तारीख घालायची. ह्यांची शिस्त. डिंकाची बाटली असो नाहीतर खिळ्यांचं पाकीट. हिला सवय लागलीय, झोपेतसुद्धा घालेल."

कामाच्या खोलीत शिरले तेव्हा पाय जरा अडखळला. इतके दिवस मी त्या खोलीचा नुसता आवाज ओळखत होते. टेबलावर रबरी चटई, भिंतीवर पान्यांची रांग, कॅमेऱ्याची तिकाटणी, खिडकीला जाड पडदा. बसायला एकच स्टूल.

खण उघडाच होता. इअरफोनची गुंडाळी, पेन्सिल, सेलचा डबा. डब्यावर सात आठवड्यांपूर्वीची तारीख होती. आत मी सेल मोजले आणि पुन्हा मोजले.

दहा होते.

५

खोलीत मी थोडा वेळ एकटीच उभी राहिले. हात कशाला लावला नाही.

बारा सेल सहा आठवडे पुरायचे. सात आठवड्यांत डबा रिकामा व्हायला हवा होता. गेले होते दोनच, म्हणजे एका आठवड्याचे. रेकॉर्डर काल बंद पडलेला नव्हता. तो दीड महिना गप्प होता, आणि माझ्या वहीतल्या फुल्याही तेव्हाच थांबल्या होत्या.

फुल्या थांबल्या, झिरपणारा आवाजही थांबला, तेव्हा मला वाटलं होतं, जखम भरत आली, आता ती धडा आधीच ऐकून घेते, हुंकार द्यावा लागत नाही. दुसरंही एक लक्षात यायला हवं होतं. बापाचे धडे बोटांच्या मापाचे असायचे: "कडेपासून दोन बोटं सोडून भोक पाड." हल्ली ती "साधारण इतकं" म्हणायची आणि कॅमेऱ्यासमोर हात धरून दाखवायची. मी ते जसंच्या तसं टाइप करत होते. आवाज तिचा, शब्द तिचे, माप तिचं.

आतेभावाला आज पाच वाजता तो आवाज हवाच होता. आज तो नाहीसा करण्यात त्याचं नुकसान होतं. आईला तर दाराबाहेरून ऐकायलाही मिळत नव्हतं. रेकॉर्डर चालतो की नाही हेही तिला ठाऊक नव्हतं. कात्रीने काल उचलला म्हणावं, तर त्याआधीचे त्रेचाळीस दिवस राहतातच. कुलूपबंद खणातलं यंत्र गप्प होतं, किल्ली एकीच्या गळ्यात होती, आणि ती रोज सकाळी "बाबांचा धडा" म्हणत होती. ज्या दिवशी ते लोकांसमोर वाजवायचं, नेमकं त्याच दिवशी ते गेलं.

आतेभाऊ दारात आला. "काय काकू, लागला का पत्ता?"

कोणाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नाही, असाही माझा एक नेम आहे. तो पाळणं एरवी सोपं जातं, कारण माझ्याशी बोलायला कोणी येत नाही. आज मात्र घड्याळात साडेतीन वाजले होते.

"मला मिनिटशी बोलायचंय," मी म्हटलं. "दार लावून."

"तिच्याशी? अहो, तिचंच हरवलंय."

"म्हणूनच."

६

ती माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि मी खिडकीच्या कट्ट्यावर. बावीस वर्षांची मुलगी. पडद्यावर दिसते त्याहून बारीक. कामाचा अंगरखा तसाच अंगावर होता.

"मावशी, तुमचा आवाज मी पहिल्यांदा ऐकतेय," ती म्हणाली. "तुम्ही माझा रोज ऐकता."

"रोज. श्वाससुद्धा." मी वही तिच्यापुढे ठेवली. "या फुल्या बघ. इथे तू 'हं' म्हणायचीस."

तिने पान पाहिलं, पुढचं पाहिलं. जिथे फुल्या थांबल्या तिथे तिचं बोट थांबलं. मी खणातला डबा काढून वहीवर ठेवला, तारीख वर करून. त्यावरचं अक्षर तिचंच होतं.

मग तिने अंगरख्याच्या खिशात हात घातला आणि रेकॉर्डर काढून गुडघ्यावर ठेवला. ज्याचं हरवतं त्याचा खिसा कोणी तपासत नाही.

"सांगाल बाहेर?" तिने विचारलं.

"नाही. मी फक्त विचारणार. बंद पडला का?"

तिने मान हलवली. "संपला. एकशे सत्त्याण्णव धडे होते. मी आधी कधी मोजले नव्हते, मुद्दाम. मला वाटलं, एवढं वर्षभर बोलत होते म्हणजे खूप असतील. शेवटचा बिजागरीचा होता. बाबा सांगतात, दार कुरकुरतं ते तेलासाठी नाही, आधी खिळा सैल आहे का बघ. मग खोकला येतो. म्हणतात, थांब हां, पाणी पिऊन येतो, मग पुढचं सांगतो." तिने रेकॉर्डरवर अंगठा ठेवला. "मग भांड्याचा आवाज. मग चप्पल. मग काही नाही. मी तीन वेळा शेवटपर्यंत ऐकलं. शेवटपर्यंत म्हणजे नुसता पंखा, मावशी. चार तास पंखा."

मी उठून तिच्याजवळ गेले नाही. जाता आलं असतं. पण ती अजून बोलत होती.

"दुसऱ्या दिवशी सात वाजता टाकायचं काय? सहा वर्षं खाडा नाही. मग मीच एक करून टाकला. बाबांचा धडा म्हणून. लोक म्हणाले, बाबा तुझ्यातून बोलतात. मग कसं सांगणार? एक दिवस, दोन दिवस... नंतर सांगायची वेळ निघून जाते. आणि दादाने त्या लोकांना बोलावलं. ते म्हणाले, नवीन धडे ऐकवा."

"म्हणून चोरी."

"संपलं म्हणण्यापेक्षा चोरीला गेलं म्हणणं सोपं वाटलं. चोरीला गेलेलं परत मिळू शकतं ना." ती हसली, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "कात्रीचं नाव येईल असं खरंच वाटलं नव्हतं. मग आलं. आणि मी गप्प बसले. दादा बोलत गेला, मी ऐकत गेले."

"तो म्हणाला, तेच त्याला लागलंय. तू काही म्हणाली नाहीस, ते."

तिचा चेहरा तेव्हा पडला. रेकॉर्डर दाखवताना पडला नव्हता इतका.

"ते त्रेचाळीस धडे," मी म्हटलं, "मी टाइप केलेत. दोन चुकीचे होते. झिपला साबण लावायचा तो, आणि खुर्चीच्या पायाचा. बाकीचे एकेचाळीस बरोबर होते."

"तुम्हाला कसं कळलं बरोबर होते?"

"घरी करून बघते मी. एकटीच असते, बिघडायला घरात पुष्कळ आहे."

या वेळी तिला खरंच हसू आलं, आणि लगेच डोळे भरून आले. ते तिने अंगरख्याच्या बाहीला पुसले.

"आता मी काय करू? उद्या सात वाजता सगळ्यांना सांगते. व्हिडिओ करून."

"उद्या सात वाजेपर्यंत तो चोरच राहणार का? पाच वाजता त्याचं नाव लिहिलं जाईल."

तिने घड्याळाकडे पाहिलं.

"आधी त्याला," ती म्हणाली. "त्याच्या दारात जाऊन, तोंडाने. फोन नाही, निरोप नाही. मग कंपनीला. मग बाकीच्यांना. पाचच्या आत. वचन देते, मावशी."

"मला नको देऊस. मी काही मागितलेलं नाही."

"मग बाबांना देते," ती म्हणाली, आणि रेकॉर्डर उचलून उठली.

बाहेर आतेभाऊ फोन हातात घेऊन उभाच होता. त्याने तिच्या हातात काय आहे ते पाहिलं आणि त्याचं तोंड उघडं राहिलं.

"दादा, तक्रार करू नकोस. हा माझ्याकडेच होता. कात्रीने हात लावला नाही. यात नवीन काही नाही, धडे संपलेत. पाचला ते आले की मीच त्यांना सांगेन."

"संपलेत म्हणजे? अगं, मग..." तो भिंतीला टेकला. क्षणभर तो मामाला मुकलेला भाचा दिसला, बाकी काही नाही. मग सवय वर आली. "थांब. तू त्याच्याकडे चाललीस ना? कॅमेरा घेतो. माफी मागतानाचं असं खरंखुरं... लोकांना आवडेल. सावरता येईल सगळं."

"नको," ती म्हणाली.

स्वयंपाकघराच्या दारात तिची आई उभी होती, हातात ओलं फडकं. मिनिट तिच्याजवळ गेली आणि रेकॉर्डर तिच्या हातात दिला. "पहिल्यापासून ऐक. दोन सेल घाल. दार लावून घ्यायचं असेल तर घे, नाहीतर उघडं ठेव."

आईने तो पदराच्या टोकाने पुसला.

मिनिटने अंगरखा काढून खुंटीला अडकवला. फोन टेबलावर उलटा ठेवला. तो लगेच थरथरला, पुन्हा थरथरला. तिने मागे वळून पाहिलं नाही. मी कात्रीचा पत्ता लिहिलेला कागद पुढे केला. दोन वर्षं तो तिच्या घरी येत होता, ती त्याच्या घरी कधी गेली नव्हती. तिने पत्ता वाचला, मनाशी एकदा म्हणून पाहिला आणि कागद घडी घालून मुठीत धरला.

"चालत वीस मिनिटं," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. चपला घातल्या, दार हलकेच ओढून घेतलं, आणि जिना उतरू लागली.